बिनमुठीचं लाटणं

बाग सेवनिया, भोपाळ
१६ जून २०२५

प्रिय मंदा,

पाकीट बघून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे आणि घरही जागेवर आहे. पत्र लिहितोय ते एवढ्यासाठी की फोनवर तू मला एकटी सापडतच नाहीस. व्हिडिओ कॉल लावला की आधी जुईचं नाक दिसतं, मग सईचं कपाळ, मागून जावईबापू "बाबा, जेवलात का?" एवढं विचारून गायब होतात, आणि तू कुठे तरी कडेला, तीही अर्धी. काल तू काहीतरी सांगायला तोंड उघडलंस आणि आपल्या नातीने फोनच चाटला. त्यात माझ्या डाव्या कानाची हालत तुला ठाऊक आहे. म्हटलं, साखरपुडा झाल्यावर इंदूर-उज्जैन पत्रं चालायची तशी परत सुरू करावी. तेव्हाही मध्ये तुझे वडील असायचेच, पण ते निदान पाकीट फोडत नसत.

बातमी अशी की मी शाळेत नाव घातलंय. हस, हस. कोटरा सुल्तानाबादला सुतारकामाची एक शाळा आहे, तिथे शनिवार-रविवार लेथवर लाकूड कातायला शिकवतात. इथले लोक त्याला खराद म्हणतात. लाकडाचा चौकोनी तुकडा मशीनवर दोन टोकांत पकडायचा. तो गरगर फिरायला लागला की पुढच्या टेकूवर पटाशी टेकवायची आणि हळूहळू त्याचे कोपरे उडवायचे. कोपरे असेपर्यंत नुसतं ठकठक, ठकठक. ते गेले की एकदम सुर्रर्र! तो सुर्रर्र मला डाव्या कानानेही ऐकू येतो, शप्पथ.

वर्गात सगळ्यात म्हातारा मीच. शिकवणाऱ्या रिजवाना मॅडम आपल्या सईच्या वयाच्या असतील. मला अंकलजी म्हणतात, पण तोरा हेडमास्तरणीचा. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अंकलजी, ये बाहें ऊपर चढ़ाइए, नहीं तो मशीन चढ़ा देगी." मी त्यांना सांगितलं की मी मंडीदीपच्या कारखान्यात सगळी नोकरी क्वालिटीत काढली, लेथवरच्या शाफ्टा तपासण्यात आयुष्य गेलं माझं. तर म्हणतात, "अच्छी बात है. अब वो सब भूल जाइए." घ्या!

पहिलं काम म्हणून सगळ्यांना बेलन करायला दिलंय, दोन्ही टोकांना मुठी असलेलं. मी म्हटलं, मला मुठी नकोत, मी आमच्या मराठी घरातलं लाटणं करणार, मधे जाड आणि दोन्हीकडे निमुळतं. कारण आपल्या घरात लाटणं नाही. तू गेलीस त्याच संध्याकाळी पोळी लाटून बघावी म्हणून मी ओटा, कपाट, ड्रॉवर, सगळं पालथं घातलं होतं. मंदा, सव्वा महिन्यासाठी लेकीच्या बाळंतपणाला जाणारी बाई स्वतःचं लाटणं सोबत नेत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. आता वर्ष उलटून गेलं.

असो. नवीन करतोय. गणपतीला येशील तेव्हा तयार असेल. ये मात्र. घर खायला उठतं.

तुझा,
बाळकृष्ण


पुणे
२८ जून २०२५

अहो,

पाकीट सईच्या हाती पडलं. म्हणाली, "आई, बाबांनी कोर्टाची नोटीस पाठवली की काय?" मी ते बाथरूममध्ये नळ सोडून वाचलं. या घरात तेवढी एकच जागा आहे जिथे माझ्यामागे कुणी येत नाही, आणि आताशा जुई तिथेही दार बडवते.

शाळेचं वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! नाहीतर तुम्ही दिवसभर त्या टीव्हीसमोर. बाह्या मात्र खरंच आवरा. मॅडमना माझ्याकडून शाबासकी सांगा, इतक्या वर्षांत मला जे जमलं नाही ते त्यांनी एका दिवसात सांगितलं.

लाटण्याचं म्हणाल तर करा, जरूर करा. मी काही बोलत नाही.

इथे माझं बरं चाललंय. जुई आता भिंत धरून चालते, आणि भिंत संपली की माझी साडी धरते. पोळ्यांना बाई येते. पिठाचं तयार पाकीट, त्यात ना वास ना चव. आपल्या शरबती गव्हाची पोळी तव्यावर टाकली की शेजारच्या फ्लॅटपर्यंत वास जायचा, आठवतं? इथल्या भाजीवालीला परवा दुधी म्हणायच्या ऐवजी "लौकी द्या" म्हटलं तर म्हणाली, "कुठल्या हो तुम्ही?" मी म्हटलं, भोपाळची. म्हणाली, "तरीच!" आता यात तरीच काय आहे? रोजच कुणी ना कुणी माझं मराठी सुधारून देतं. संध्याकाळपर्यंत तोंड मिटून बसावंसं वाटतं.

तुम्ही काय जेवता ते एका ओळीतही लिहिलेलं नाही. तुम्ही जे लिहीत नाही तेच मी आधी वाचते, लक्षात ठेवा.

गणपतीला यायचं मनात आहे. सईशी बोलायचं आहे फक्त. तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी दिवसभर अडकले होते. कुठल्या ते सांगणार नाही.

मंदाकिनी


बाग सेवनिया
२० जुलै

प्रिय मंदा,

तुझ्या नवऱ्याची इज्जत गेली. नीट ऐक.

आपल्या बिल्डिंगसमोरच्या शिसमची एक जाडजूड फांदी वादळात पडली. मी म्हटलं, वा! शाळेतला सुका ठोकळा कशाला, आपल्याच दारचं लाकूड असलेलं बरं. स्कूटरवर आडवी घालून नेली. मॅडम त्या दिवशी दुसऱ्यांना बघत होत्या. मी मशीनवर चढवली आणि काय सांगू, लोण्यासारखी कापली जात होती, ओली सालपटं थेट तोंडावर! कॅलिपर लावून लावून असं लाटणं काढलं की दोन्ही बाजू केसाएवढ्याही इकडच्या तिकडे नाहीत. सगळा वर्ग बघायला आला. मी त्यांना मापं दाखवली. मापं चुकतील तो बाळकृष्ण कसला?

पुढच्या शनिवारी ऐटीत पिशवीतून काढलं तर केळं! अगदी वाकडं केळं, आणि एका टोकाला चीर. मी म्हटलं, कुणीतरी बदललं. मॅडमनी हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाल्या, "अंकलजी, सूखने तो देते. ये लोहा थोड़े ही है, अभी-अभी तो पेड़ था." सगळी नोकरी पोलाद तपासण्यात गेली, गं. मी आज मोजलेलं उद्या तेवढंच असतं असं धरून चालणारा माणूस. लाकूड कापल्यावरही आठवडाभर हलत राहतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आता शाळेतला सुका सागवान घेतलाय.

अडचण दुसरीच आहे. मॅडम विचारतात, "मूठ नहीं है तो भाभीजी पकड़ती कहाँ से हैं?" आणि मला सांगता येईना. मी तुझ्या पोळ्या एवढी वर्षं खाल्ल्या, तू समोरच लाटायचीस, आणि मला तुझे हात कुठे असतात ते आठवेना. डोळे मिटून उभा राहिलो तिथे मशीनपाशी. बांगड्यांचा आवाज आठवला, हात नाही. तर तेवढं लिहून पाठव. तू लाटणं नेमकं धरतेस कसं?

जेवण म्हणशील तर डबा येतो. पोळ्या म्हणजे छोट्या रजया आहेत. साखर थोडी वाढली आहे, घाबरण्यासारखी नाही, म्हणून लिहिली नव्हती.

गणपतीचं तिकीट काढलंस का?

बाळकृष्ण


पुणे
५ ऑगस्ट

अहो,

केळ्याचं वाचून मी इतकी हसले की जुईपण हसायला लागली, काही न कळता. ते केळं टाकू नका हं.

साखरेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. 'थोडी' म्हणजे किती, तो आकडा लिहायचा होता. मापांचे एवढे शौकीन ना तुम्ही!

आता विचारलंत म्हणून सांगते. मी लाटणं धरतच नाही. तळवे नुसते वर ठेवायचे, बोटं मोकळी. लाटणं तळव्याखालून आपलं आपण फिरतं, आणि उजवा हात जरासा जास्त दाबला की पोळीपण त्याच्यासोबत फिरते. धरून बसलं तर पोळी चिकटते. तुमच्या आईने मला हेच शिकवलं होतं, लग्न होऊन आले तेव्हा. "मंदे, सोड त्याला, पळून नाही जात ते," म्हणायच्या. कितीतरी दिवसांनी त्यांची आठवण आली. आज दुपारी जुई झोपल्यावर ओट्यावर नुसतेच हात फिरवून बघितले. पोळीवाली बाई आली आणि म्हणाली, आजी, काय पुसताय?

एक सांगायचं आहे, रागावू नका. गणपतीला जमत नाही. जुईला पाळणाघरात ठेवून बघितलं, तिसऱ्या दिवशी ताप घेऊन आली. सईच्या ऑफिसात नेमकं आता काहीतरी मोठं काम निघालंय, ती घरी येते ती चप्पल काढायच्या आधी माझ्या मांडीवर डोकं टाकते. अशा वेळी कसं म्हणू की मी निघाले? दिवाळीला नक्की. गणपती तुम्हीच बसवा. मोदक नको, पेढे आणा. दूर्वा निवडून घ्या, नुसतं गवत तोडून वाहू नका.

दिवेलागणीला खाली कुणी स्कूटर लावली की मी अजूनही गॅस पेटवायला उठते. मग आठवतं.

मंदाकिनी


बाग सेवनिया
२४ सप्टेंबर

मंदा,

गणपती झाले. एकट्याने आरती म्हणताना कळलं की मला अर्धीच आरती पाठ आहे, उरलेली तू म्हणायचीस आणि मी टाळ्या वाजवायचो.

लाटणं झालं. तू सांगितलंस तसं, तळव्याखाली फिरणारं. मॅडमनी पोळपाटावर फिरवून बघितलं आणि प्रथमच एकही चूक काढली नाही. छान झालंय. पण पाठवत नाही.

परवा सईचा फोन आला. म्हणाली, "बाबा, भोपाळचा फ्लॅट काढून टाका ना. आई तर आता इथलीच झाली, तुम्ही एकटे तिथे काय करता?" ती हे बोलत होती तेव्हा मागे तुझा पदर दिसत होता मला. निळी साडी. तू तिथेच उभी होतीस आणि एक अक्षर बोलली नाहीस. माझा कान गेलाय, डोळे नाहीत.

मग मी एका दलालाला बोलावलं. आला, फिरला, स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "किचन तो निकल जाएगा, इसको तोड़ के हॉल में मिला सकते हैं." मी त्याला पाणीपण विचारलं नाही.

आधी सव्वा महिना, मग उष्टावण, मग पहिला वाढदिवस, मग गणपती, आता दिवाळी. तू परत यायचं नाही हे जाताना ठरवूनच गेली होतीस, नाहीतर लाटणं कशाला नेलं असतंस? मी तक्रार करत नाही. लेक आहे, नात आहे. पण मला सरळ सांग. सणांच्या तारखा देत जाऊ नकोस. मी प्रत्येक तारखेला गादीच्या चादरी धुतो.

बाळकृष्ण


पुणे
३ ऑक्टोबर

श्री. बाळकृष्णपंत,

हो, आज पंतच. इतका राग मला लग्नानंतर दोनदाच आला असेल, आणि दोन्ही वेळा तुमचाच.

आता मी सांगते तसं करा. स्वयंपाकघरात जा, तोडायला निघाला आहात त्याच. ओट्याखालचं गव्हाचं पिंप बाहेर ओढा. झाकण काढा, वरचा कडुलिंबाचा पाला बाजूला करा, आणि गव्हात हात घाला. वरवर नाही, कोपरापर्यंत.

सापडलं?

तुमच्या आईची रीत आहे ही. बाई लांबच्या गावाला निघाली की लाटणं घरच्या गव्हात पुरून जायचं, म्हणजे ती घरी परत येते. मी दर उन्हाळ्यात माहेरी इंदूरला जाताना हेच केलंय, सई पोटात होती तेव्हासुद्धा. तुमच्याच घरची रीत, आणि तुम्हालाच पत्ता नाही! आणि काय हो, दीड वर्षात तुम्ही ते पिंप एकदाही उघडलं नाहीत? तयार पोळ्या खाऊन माझ्यावर आळ घेताय?

पहिल्याच पत्राला सांगून टाकणार होते. लेखणी उचललीही होती. पण तुम्ही मला पत्र लिहिलं होतं, इतक्या वर्षांनी, आणि माझ्यासाठी काहीतरी करायला कुठल्या तरी शाळेत जात होतात. वाटलं, सांगितलं तर दोन्ही बंद होईल. म्हणून गप्प बसले. मला तुमची पत्रं हवी होती, झालं समाधान?

आणि त्या फोनचं. हो, मी तिथेच होते. सईला नाही म्हणायला मला कधीच जमलं नाही, ती शाळेत असतानाही नाही, तो खाष्टपणा सगळा तुमच्याकडे होता. इथे सगळे माझ्याशी इतके चांगले वागतात की मी जाते असं म्हणणं म्हणजे पाप वाटतं. रोज सकाळी ठरवते, आज बोलायचं. मग जुई उठते, हात वर करते.

मला घरी यायचं आहे. तुम्हाला लिहिता येतं मला हे. तिला तोंडाने सांगता येत नाही.

दलालाला परत बोलावलंत तर बघा.

मंदाकिनी


बाग सेवनिया
८ ऑक्टोबर

प्रिय मंदा,

सापडलं. गव्हातले पोरकिडे हातावरून खांद्यापर्यंत चढले, पण सापडलं. मी तिथेच फरशीवर बसलो, पिंपाला टेकून, आणि मग उठवेना. गुडघ्यांमुळे नाही.

आईने मला हे कधी सांगितलं नाही. बायकांच्या रिती पुरुषांना कोण सांगतं? मी काय काय बोललो तुला. दलालाचा नंबर खोडून टाकलाय.

इतके दिवस मी तुला लाकडाबद्दल लिहितोय, मशीनबद्दल, मॅडमबद्दल. जे लिहायचं होतं ते राहूनच जात होतं. आता लिहितो, एकदाच, परत लिहायला लावू नकोस. मला तू हवी आहेस. पोळ्यांसाठी नाही. पोळ्यांचं काय, डबा येतोच. मी बातम्या बघताना शिव्या देतो आणि "हळू, लोक ऐकतील" म्हणणारं कुणी नाही, तर शिव्या द्यायची मजाच गेली. तलावावर फिरायला जातो. पूर्वी तू मागे राहायचीस आणि मी पुढे जाऊन चिडायचो. आता भुट्ट्याच्या गाडीपाशी थांबतो आणि मागे वळून बघतो. भुट्टेवाला विचारतो, "किसी का इंतज़ार है, बाबूजी?" मी हो म्हणतो. रोज हो म्हणतो. तो आता विचारत नाही.

सईला दुखवू नकोस. तिचंही खोटं नाही, पोरीला आई लागते. तुला बोलणं होत नसेल तर नको बोलूस. मी फ्लॅट विकून तिकडे येतो. हॉलमधल्या सोफ्यावर झोपेन, भाजीवालीचं मराठी ऐकून घेईन. लेथ काय, पुण्यातही असेलच कुठे तरी. भोपाळ सोडणं मला जड जाईल, खोटं कशाला सांगू. पण तुझ्याशिवाय हे भोपाळही माझं राहिलेलं नाही.

काय ते कळव. जे सांगशील ते करतो.

तुझाच,
बाळकृष्ण


पुणे
१६ ऑक्टोबर २०२५

प्रिय बाबा,

हे पत्र पोस्टाने येत नाहीये, त्यामुळे पाकिटावर तिकीट शोधू नका.

सोमवारी सकाळी मी डबा भरत होते. आई आली, तुमचं आठ तारखेचं पत्र ओट्यावर ठेवलं, "वाच" म्हणाली, आणि जुईला घेऊन गॅलरीत गेली. मी म्हटलं, तुमचं पत्र मी कशाला वाचू? ती वळलीच नाही. तिला जे बोलता येत नव्हतं ते तिने तुमच्याकडून बोलवून घेतलं, बाबा.

मी वाचलं. पोरकिड्यांपाशी हसले. मग भुट्टेवाल्यापाशी आले आणि डबा तसाच राहिला. गॅलरीत गेले तर आई पाठमोरी, जुईच्या केसांतून हात फिरवत उभी. मी विचारलं, "आई, तुला जायचंय?" तिने तशीच, न वळता, होकाराची मान हलवली.

मला वाटायचं ती इथे खूश आहे. ती कधी काही बोललीच नाही, आणि खरं सांगू, मी विचारलंही नाही. कारण उत्तर मला ऐकायचं नव्हतं. लोकांना वाटतं जुईसाठी आई इथे आहे. जुई तर कुणाच्याही मागे दुडदुडते. मला लागत होती ती. दार उघडलं की आई घरात असणं, हे शाळेनंतर मला पहिल्यांदाच परत मिळालं होतं. म्हणून फ्लॅट विका म्हटलं. तुम्ही दोघं इथे आलात की कुणालाच कुणाला सोडायला नको, असा माझा हिशोब होता. त्यात तुमचं भोपाळ मी धरलंच नव्हतं. ते बोलणं विसरा.

जुईचं आम्ही बघतो. दुसरं पाळणाघर सापडलंय, तुमचा जावई प्रतीक आठवड्यातले काही दिवस घरून काम करणार आहे. रडेल, मीही रडेन, जमेल. नाताळच्या सुट्टीत आम्ही तिघं भोपाळला येतोय.

तुम्हाला आधी कळवायचं नाही असं आईनेच सांगितलं. तुम्ही स्टेशनवर आलात तर कुलीशी भांडाल म्हणे. आणि घरात शिरायच्या आधी हे पत्र तुमच्या हातात द्यायचं, हे मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय. कारण मी तिला ओळखते. ती आल्या आल्या म्हणेल, "दिवाळीपुरती आले हो." ऐकू नका. परतीचं तिकीट आम्ही काढलेलं नाही.

पहिले काही दिवस तिला जुईची फार आठवण येईल. डोळे पुसताना दिसली तर "मग जा परत" असं फटकन बोलू नका, प्लीज. नुसते जवळ बसा.

आणि बाबा, मला माहीत आहे, तुम्ही दार उघडलं असेल, पाकीट घेतलं असेल आणि तिथेच उभे राहून चष्मा लावून शेवटपर्यंत वाचत आला असाल. आता पुरे. पत्र खाली ठेवा. आईच्या दोन्ही हातांत बॅगा आहेत आणि ती अजून दाराबाहेर उभी आहे.

तुमची,
सई